अर्ध्यावर राहिलेलं गाऱ्हाणं

१

सुरंगवाडीच्या महादू गावकराचा पुढचा दात गेला तो भर जत्रेत, देवासमोर, गाऱ्हाणं घालताना. गेला म्हणजे काय, उडालाच. 'सगळ्यांक सुखात ठेव' यातल्या 'सु'वर त्याने नेहमीसारखा जोर दिला आणि दात सुटून समोर ओटी घेऊन उभ्या असलेल्या हौसाबाईच्या तांदळात जाऊन बसला. म्हाताऱ्या हौसाबाईला डोळ्यांनी कमी दिसायचं. तिने तो खडा समजून वेचला आणि बाजूला टाकला. पुढचं सगळं गाऱ्हाणं 'फगळ्यांक फुखात ठेव' असं झालं आणि गावाने तोंडाला पदर नि उपरणी लावून कसंबसं 'व्हय म्हाराजा' म्हटलं.

गाऱ्हाणं घालायचा मान गावकरांच्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेला. एकाने गावाच्या वतीने उभं राहायचं, देवाला, सीमा राखणाऱ्या देवचाराला, गावात नांदून गेलेल्या मूळ पुरुषांना एकेक हाक मारायची, मग गावाचं मागणं सांगायचं आणि शेवटी आलेल्या सगळ्यांना निरोप द्यायचा. दर हाकेला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. महादूचा आवाज असा खडा की खाडीपलीकडची माणसं हातातलं काम थांबवून ऐकत. खरं सांगायचं तर ऐकणाऱ्यांत देव आहे की नाही याची त्याने कधी फिकीर केली नव्हती. त्याला स्वतःचा आवाज आवडायचा आणि गावाचा 'व्हय' आवडायचा, त्यात त्याचं पोट भरायचं.

जत्रा आटोपल्यावर देवळाच्या पायरीवर चुलतभाऊ भाई त्याच्या शेजारी येऊन बसला. भाईचे दात बत्तीसच्या बत्तीस, आवाज मात्र पिपाणीचा.

"दादा, राग धरू नको," भाई म्हणाला. "पण देवाक मागणा कळला नाय तर नुकसान गावाचा. फुडल्या जत्रेक तुझी जीभ वळली तर मान तुझोच. नायतर मी आसंय."

महादूने नुसतं उपरणं झटकलं. एकदा हातातून गेलेला मान जिवंतपणी परत येत नाही, ही गावची रीत त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको होती. त्याचे वडील हरिश्चंद्र बोळके झाले तेव्हा मान असाच महादूकडे आला होता. म्हातारा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. जत्रेत खांबाआड बसून नुसते ओठ हलवायचा, आणि घरी पितळेच्या इवल्याशा खलात विडा कुटून खायचा. तो खल अजून फडताळात होता. महादूने स्वतः विड्याला कधी हात लावला नव्हता; गळ्याला जपायचं म्हणून.

२

मालवणच्या बाजारात गुरुदास डॉक्टरने दातांचा दवाखाना नुकताच थाटला होता. मुंबईला शिकून आलेला हा तरुण, चष्मेवाला, पायाने चालवायचं मशीन वापरायचा, आणि माणूस ओरडायला लागला की त्याच्यापेक्षा मोठ्याने गप्पा मारायचा. त्याने महादूच्या तोंडात आरसा फिरवला आणि शेवंतीकडे बघून मान हलवली. महादूची बायको शेवंती बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसली होती.

"उरलेले सगळे काढावे लागतील," डॉक्टर म्हणाला. "पण नुसते काढून भागायचं नाही. जबड्याचं हाड उंचसखल झालंय, कंगोरे आलेत. त्यावर कवळी बसवली तर ती डुगडुगेल, बोलताना सटकेल. आधी ते हाड घासून सपाट करायचं, मग भरून येऊ द्यायचं. त्यानंतर कवळी."

"हाड घाफतलाफ?" महादूने विचारलं.

"तुम्ही लावणीआधी काय करता गावकर? नांगरता, ढेकळं फोडता, चिखलावर फळी फिरवता. तसंच हे. जमीन तयार नसेल तर रोप धरायचं कसं?"

हे महादूला पटलं. ऐन वैशाखात डॉक्टरने सुई टोचून जबडा बधिर केला, दात काढले, हिरडी उचलून धरली आणि आतल्या हाडावर कानस चालवली. दुखत नव्हतं, पण कानशीचा आवाज कानांत न येता थेट डोक्यातून येत होता. डॉक्टर तेवढा वेळ मुंबईच्या ट्राममध्ये विसरलेल्या छत्रीची गोष्ट सांगत होता, आणि महादूला तोंड उघडं ठेवून हसावं लागत होतं.

पावसाळाभर मग तो पेजेवर राहिला. शेवंती सासऱ्याच्या खलात सुका बांगडा कुटायची, त्याची पूड खोबऱ्यात कालवायची आणि म्हणायची, "दात नाय म्हणान कोण मराक नाय. बडबड कमी झाली, ह्या बरा झाला." महादू बोळक्या तोंडाने तिला शिव्या द्यायचा, त्या शिव्या ऐकून ती आणखीच हसायची. आरशात बघितलं की त्याला आपल्या जागी हरिश्चंद्र दिसायचा. तेवढी एक गोष्ट त्याला हसण्यावारी नेता येत नव्हती.

३

दसरा झाल्यावर महादू एकटाच मालवणला गेला. डॉक्टरने बोट फिरवून हाड चाचपलं आणि खूश होऊन टिचकी वाजवली. फळी छान फिरली होती म्हणे. त्याने थंड प्लास्टर तोंडात दाबून जबड्याचे ठसे नवरात्रातल्या खेपेलाच घेतले होते. आता त्यांवरून केलेले पांढरे साचे पितळी बिजागरीच्या चौकटीत बसवून तयार होते. वरच्या फळीवर असे कितीतरी साचे रांगेत मांडलेले. माणसांची नावं नसलेले नुसते जबडे. महादूने आपला ओळखायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

डॉक्टरने दातांच्या जागी मेणाच्या दोन कडा त्याच्या तोंडात बसवल्या. "आता बोला काहीतरी. रोजचं, सवयीचं. म्हणजे दात किती उंच लावायचे ते मला कळेल."

सवयीचं म्हणजे काय, महादूला विचार करावा लागला नाही. त्याने खुर्चीतच पाठ ताठ केली.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला, आणि त्याचाच आवाज त्याला परत भेटला. मेणाच्या कडेवर जीभ नीट टेकत होती. त्याचे डोळे भरून आले. "सुरंगवाडीच्या शिमेवरच्या देवचारा म्हाराजा. खाडयेच्या राखणदारा म्हाराजा. ह्या गावात नांदान गेलल्या सगळ्या मूळ पुरुषानू, जे कोण जंय आसात थंयसून..."

"व्हय म्हाराया," मागून आवाज आला.

खालच्या पट्टीत, बऱ्याच जणांचा. 'जा'च्या जागी 'या'. पडद्यामागे बाक होता, तिथे रोगी बसायचे; दातांच्या डॉक्टरकडे बोळक्या तोंडाची माणसं असायचीच. महादूला मोठी गंमत वाटली. कुठल्याही गावची असोत, गाऱ्हाणं ऐकलं की माणसं 'व्हय' म्हणणारच. तो मागण्याकडे वळणार इतक्यात डॉक्टरने त्याच्या हनुवटीखाली हात दिला.

"झकास. आता मिटा. अजिबात हलू नका, मेण वाकडं होईल."

महादूने तोंड मिटलं. मेण थिजेपर्यंत तसाच बसून राहिला. मग डॉक्टरने कडा काढून घेतल्या, गार पाण्यात टाकल्या, आणि गाऱ्हाणं तिथेच राहिलं.

निघताना त्याने पडद्यापलीकडे डोकावून रामराम करायला हात उचलला. बाक रिकामा होता. दाराला आतून कडी होती.

"दुपारी मी दुसरं कुणी घेत नाही," डॉक्टर हात पुसत म्हणाला. "का हो?"

"काय नाय," महादू म्हणाला. रस्त्यावरचे लोक असतील, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

४

देवबागेच्या किनाऱ्यावर लवू तारी होडी घेऊन थांबला होता. पलीकडे जाणारा महादू एकटाच. पाणी सपाट, वारा नावालाही नाही. लवूने वल्हं मारलं आणि होडी जागची हलली नाही. त्याने बूड वाळूत रुतलं का बघितलं, पुन्हा मारलं.

"गावकरानू, बाजार मोठो केलात की काय?"

"रिकाम्या तोंडान गेलंय, रिकाम्या तोंडान इलंय." महादूने तोंड उघडून दाखवलं.

लवू हसला. पण होडी मध्यावर आली तेव्हा त्याचं हसणं मावळलं होतं. पाणी काठाला चार बोटं ठेवून लागलं होतं. लग्नाचं वऱ्हाड बसवल्यावर लागतं तेवढं. लवू वाकून वाकून वल्हवत होता, घामाने भिजला होता, आणि महादूच्या खांद्यावरून मागच्या फळ्यांकडे पुन्हा पुन्हा बघत होता.

महादूने वळून पाहिलं. फळ्या मोकळ्या होत्या. आपलं वजन पेजेने वाढलं असणार, असा विनोद त्याने करून बघितला. लवूने त्यावर मान हलवली, आणि सुरंगवाडीला लागल्यावर नेहमीसारखा होडीतच न बसता तो खाली उतरला आणि होडी धरून उभा राहिला. महादू उतरला तरी त्याने धरलेलीच ठेवली. बराच वेळ होडी थोडीथोडी वर येत होती.

५

सकाळी शेवंतीचा आरडाओरडा ऐकून महादू बाहेर आला. भात झोडायचे दिवस, म्हणून तिने आदल्या दिवशी खळं चोपून शेणाने सारवलं होतं. ओल्या सारवणावर गोल गोल दबलेल्या जागा उमटल्या होत्या. कोंबड्यांची नखं नाहीत, कुत्र्याचे पाय नाहीत. मांडी घालून बसलेल्या माणसाखाली जमीन दबते तशा, ओळीने, एकामागे एक, सगळ्या दाराकडे तोंड करून.

"कोणाची पोरां बसान गेली हय?" शेवंती कमरेला पदर खोचून म्हणाली. "कालच सारवलंय मी."

पोरांच्या मांड्या एवढ्या रुंद नसतात, हे महादूने तिला सांगितलं नाही. तिने पुन्हा सारवलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

त्याहून त्याला छळत होती ती शांतता. तो घसा खाकरायचा आणि अंगणातल्या चिमण्या गप्प व्हायच्या. माडांची झावळं हलायची थांबायची. ही शांतता त्याच्या ओळखीची होती. आयुष्यभर त्याने तीच ऐकली होती. माणूस देवासमोर उभा राहतो, गाव श्वास आवरून धरतं, आणि पहिल्या शब्दाची वाट बघतं, ती ही शांतता. इथे मात्र पहिला शब्द होऊन गेला होता. हाका मारून झाल्या होत्या. मागणं राहिलं होतं.

लहानपणी खेळात गाऱ्हाणं म्हणताना हरिश्चंद्राने एकदा त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. "बोलावलंस तर काय होया ता सांग, आणि धाड परत," एवढंच म्हातारा म्हणाला होता. खेळायला मनाई करायची ही बापाची युक्ती, असं महादूने इतकी वर्षं धरलं होतं.

तेव्हा आता पुरं करून टाकावं, असं त्याने ठरवलं. शेवंती शेतावर गेली तसा तो खळ्याच्या कडेला उभा राहिला. सकाळचं ऊन, खुंटीला बांधलेलं वासरू, वाळत घातलेलं भात. स्वतःच्याच अंगणात भ्यायचं काय? त्याने हात जोडले आणि मागणं सांगितलं. "फगळ्यांक फुखात थेव." ऐकून त्याचं त्यालाच हसू आलं.

'व्हय' आला नाही. वासरू दाव्याला ताण देऊन मागे सरकलं, तेवढंच.

दुसऱ्या सकाळी खळं स्वच्छ होतं. शेवंती खूश झाली. महादू मात्र ओट्यावरच थबकला. ओट्याच्या सारवणावर दबलेल्या जागा होत्या, एकमेकींना खेटून. नीट ऐकू न आलेली म्हातारी माणसं करतात तेच त्यांनी केलं होतं. ती पुढे सरकून बसली होती.

६

त्यानंतर तो बोलायचंच टाळू लागला. मान डोलवून काम भागवायचा. शेवंतीने आधी चेष्टा केली, मग काळजीने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "जत्रेची धास्ती घेतलास," ती म्हणाली. "मान गेलो तर गेलो. माणूस होयो माका, मान नको." असं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली होती, आणि महादूला तिला सगळं सांगावंसं वाटलं. पण सांगायचं म्हणजे तोंड उघडायचं.

मग एका दुपारी तो माजघरात चटईवर पडला होता. डोळा लागला असेल नसेल. कौलांतून उन्हाचा एक कवडसा जमिनीवर पडला होता, परसात शेवंती भांडी घासत होती. कुणीतरी त्याच्या तोंडावर वाकलं. डॉक्टर वाकायचा तसं, अगदी जवळ, आत बघायला. श्वास गार होता आणि त्याला कातचुन्याचा वास होता. महादूने डोळे घट्ट मिटून घेतले, पण तोंड मिटलं नाही. रोग्याने उघडं ठेवावं तसं ते त्याने उघडं ठेवलं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. घासून सपाट केलेल्या हाडावरून एक बोट अलगद फिरलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सावकाश, कौतुकाने.

शेवंतीच्या हातून परातीचा दणका झाला तेव्हा त्याने डोळे उघडले. कवडसा होता तिथेच होता.

तो तसाच उठला आणि होडीला गेला. लवूने त्याला बघताच वल्हं उचललं. होडी हलकी होती, आणि त्याचाच महादूला जास्त धसका बसला. म्हणजे सगळे घरीच होते.

गुरुदास डॉक्टरने त्याला खुर्चीत बसवलं. कवळी तयार होती, गुलाबी हिरड्यांची, चकचकीत. पण नेहमीच्या गप्पा नव्हत्या.

"एक विचारू गावकर?" तो म्हणाला. "तुमचा साचा मी रोज संध्याकाळी मिटवून ठेवतो. चौकटीला दोरा बांधून. सकाळी तो उघडा असतो. तुमचाच नाही, फळीवरचे सगळे." तो ओशाळून हसला. "हवेत दमटपणा जास्त आहे. प्लास्टर फुगतं."

"फुगत अफात," महादू बोळक्या तोंडाने म्हणाला.

डॉक्टरने कवळी बसवली. खालची, मग वरची. ती जबड्यावर अशी बसली की जणू आधीपासून तिथेच होती. महादूने ओठांवरून जीभ फिरवली. मग हळूच, पुटपुटत, तो म्हणाला, "सगळ्यांक सुखात." दोन्ही 'स' नाण्यासारखे खणखणीत वाजले. डॉक्टरने टाळी वाजवली आणि दोघेही वेड्यासारखे हसत सुटले. फळीकडे मात्र दोघांनीही पाहिलं नाही.

"फक्त एक करा," डॉक्टर शेवटी म्हणाला. "झोपताना काढून वाटीत पाण्यात ठेवायची. हिरडीला विश्रांती हवी."

७

जत्रेची सकाळ. देवळासमोर खाज्याची दुकानं लागलेली, पोरांच्या हातांत पिपाण्या, मुंबईकर मंडळी आगबोटीतून उतरून नव्या शर्टांत हजर. दशावतारी मंडळी रात्रीच्या खेळाचे पेटारे उतरवत होती. भाई धुतलेलं धोतर नेसून पहिल्या ओळीत, घसा साफ करत उभा होता. त्याच्याकडे बघून कुणाला शंका राहिली नसती की तो तयारीनिशी आला आहे.

महादू तोंड मिटूनच आला. देवापुढे उभा राहिला. गाव गप्प झालं.

आणि त्या शांततेमागे दुसरी शांतता आहे, हे त्याला कळलं. गावाची शांतता ओळखीची, अंगाला लागून असलेली. तिच्या मागे, सभामंडपाच्या खांबांपासून पार माडांपर्यंत, आणखी एक. घरून निघताना माजघर कसं हलकं झालं होतं, हे त्याला आता आठवलं. सगळी त्याच्या पाठोपाठ आली होती. आधी तो घाबरला. मग त्याच्या मनात आलं, एवढं मोठं गाव आपल्या आवाजासाठी आजवर कधी जमलं नव्हतं. आणि काय सांगावं, त्याला आनंद झाला. पोटातून, लहान मुलासारखा आनंद झाला.

"बा देवा म्हाराजा," महादूने आवाज लावला.

खाडीपलीकडे कुणीतरी होडी थांबवली असेल, असा तो आवाज होता. भाईचं घसा साफ करणं थांबलं. हौसाबाईने ओटीचं ताट सांभाळून जरा दूर धरलं आणि बायका खुदखुदल्या.

हाका त्याने पुन्हा मारल्या नाहीत. बोलावलेले आलेलेच होते. भाईने चमकून बघितलं, पण महादू थेट मागण्यावर आला. "ह्यो गाव तुझो, ही लेकरां तुझी म्हाराजा. दर्यात गेलल्याक सुखरूप घरा आण. मुंबयेक गेलल्याची सय ठेव. शेतात पिकव, परसात फळव. सगळ्यांक सुखात ठेव म्हाराजा."

"व्हय म्हाराया," आलं.

गावाची तोंडं तेव्हा मिटलेलीच होती. महादूने ती समोर पाहिली, एकूणएक. मग ती उघडली आणि 'व्हय म्हाराजा' असा गावाचा गजर झाला. दोन्ही एकमेकांत मिसळून गेले. पोरं मागे वळून बघू लागली. लवू तारी गर्दीत होता, त्याने डोकं खाली घातलं.

आता निरोप राहिला होता. महादूने घाई केली नाही. "जे कोण माझ्या हाकेक इलास, जंयसून इलास, मान घेवन, पान घेवन, आपापल्या जाग्यार जावा म्हाराजा. चूकभूल माफ करा. माझ्या तोंडाक खुळा समजान माफ करा."

गाव हसलं. माडांची झावळं एकदम हलली, वारा सुटला, आणि चिमण्यांनी कलकलाट मांडला. खांबांमागची जागा रिकामी झाली. एवढंच त्याला कळलं, आणि त्याच्या पाठीवरचं ओझं उतरलं.

भाई पुढे आला. पाया पडला. "दादा, दात खंय मिळाले?" त्याने विचारलं. महादूने त्याला मिठी मारली, दुकानातून गुळाचं खाजं घेतलं आणि अख्ख्या गावासमोर कडकडा चावून खाल्लं. शेवंती पदराने डोळे पुसत होती आणि हसत होती.

८

दुसऱ्या दिवशी दुपारी सुरंगवाडीत जागं असं कुणी नव्हतं. रात्रभर दशावतार बघून सगळी घरं गाढ झोपली होती, कुत्रीसुद्धा. सकाळी खळं बघितलं होतं, गुळगुळीत. ओटा गुळगुळीत. महादूने जेवून कवळी काढली, उशाशी वाटीतल्या पाण्यात ठेवली आणि मनमोकळा झोपला.

त्याला जाग आली ती टक् अशा आवाजाने. दातांत सुपारी फुटते तसा. त्याने उशाशी हात नेला. वाटीत पाणी होतं, दुसरं काही नव्हतं.

ओट्यावर कुणीतरी बसलं होतं. माजघराच्या दाराची फट होती तेवढ्यातून त्याला एक पाठ दिसली. वाकलेली, उघडी, उन्हात. खांद्यावर टाकलेल्या उपरण्याचं टोक. आणखी काही दिसलं नाही, आणि उठून बघावं असं महादूला वाटलं नाही. खांबाआड बसलेली ती पाठ त्याने पुष्कळ जत्रांत पाहिली होती. तिच्याजवळ तो कधी थांबला मात्र नव्हता.

आपापल्या जाग्यार जावा, असं त्यानेच सांगितलं होतं. बापाची जागा हीच होती.

"बा देवा म्हाराजा," ओट्यावरून आवाज आला. जुना, खोल, थोडा कापरा. पण शब्द कसे टाकीने घडवल्यासारखे. जीभ दातांना टेकत होती, आणि दर वेळी टेकताना त्या आवाजाला होणारा आनंद महादूला इथवर कळत होता. "ह्यो माझो झील महादू. तेका सुखात ठेव म्हाराजा."

'सुखात'मधला 'सु' भिंतीवर आपटून परत आला.

मग थांबला. वाट बघू लागला. घरात दुसरं कुणी जागं नव्हतं. महादू चटईवर उठून बसला, त्याने हात जोडले, आणि रिकाम्या तोंडाने, जमेल तसं उत्तर दिलं.

"व्हय म्हाराया."

संध्याकाळी शेवंती उठली. कवळी वाटीत होती, पाणी लालसर झालेलं. ओट्यावर सुपारीची फुटलेली दोन खांडं पडली होती.

"विडो कधीपासून खावक लागलास?" तिने विचारलं. "आणि गळो?"

महादू नुसता हसला. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्याने कवळी काढली, स्वच्छ धुतली, वाटीत ठेवली. फडताळातला पितळेचा खल उचलून आत, डब्यांच्या मागे ठेवून दिला.

"फेवंत्ये," तो आडवा होत म्हणाला, "वाटयेच्या बाजूक फुपारी थेव गो एक. अख्खी."